एका हंगामाची सही

कोरंब्याच्या कोळीवाड्यात खलाशी बोटीच्या तांडेलाकडून नारळ घेतो तो एका हंगामासाठी. नारळी पुनवेला नारळ हातात घेतला की तांडेल सांगेल तिथे जाळं टाकायचं, आणि भांडण झालं तरी मधेच दुसऱ्या बोटीवर पाय ठेवायचा नाही. पावसाआधी बोटी किनाऱ्यावर ओढल्या की तो मोकळा. पुढच्या पुनवेला कोणाचाही.

सुचिता नाखवा याच व्यवहारात वाढली. बाप तांडेल, नवरा चंदरही तांडेल. त्यामुळे नगरपंचायतीच्या निकालानंतर विनेश कडूने पुढे केलेल्या कागदावर तिने सही केली तेव्हा ती सही किती काळाची, हे विचारायचं तिला सुचलंच नाही.

ती अपक्ष उभी राहिली त्यालाही कारण होतं. मागच्या खेपेला एका पक्षाचे दोन झाले आणि कोळीवाड्यातली सख्ख्या भावांची घरं दोन झेंड्यांखाली गेली. हळदीला एकमेकांकडे जेवायला जाईनात. या वेळी गावकीने ठरवलं, तिकीट कोणाचंच घ्यायचं नाही. सुचिता बाजारात बोलायला खमकी, बारावी झालेली, कोणाच्या अध्यात नाही न मध्यात नाही. गावदेवीच्या पायांवर हात ठेवायला लावून तिच्याकडून एकच गोष्ट वदवून घेतली: खळ्याला कोणाला हात लावू देणार नाही.

खळं म्हणजे बंदराच्या उत्तरेची मोकळी जागा. तिथे बांबूंच्या वलांड्यांवर बोंबील टांगलेले असतात आणि खाली चोपलेल्या जमिनीवर जवळा पसरलेला असतो. कागदावर जागा सरकारी, वहिवाट बायकांची. पावसाळ्यातली चूल त्या सुक्या मासळीवर चालते.

कपबशी हे चिन्ह घेऊन सुचिता निवडून आली. बाकीचे नगरसेवक दोन बाजूंना बरोबर आठ-आठ वाटले गेले होते. विनेश कडू आधी पेढे घेऊन आला, दुसऱ्या दिवशी कागद घेऊन. तो एका बाजूचा गटनेता. पक्षात येऊ नका म्हणाला, नुसतं आमच्या आघाडीत नाव नोंदवू, पाणीपुरवठा समितीचं सभापतिपद तुमचं. कोळीवाड्यात नळाला तीन दिवसांनी पाणी येई, तेही मचूळ. चंदर म्हणाला, घे. तिने घेतलं.

पाणी आलंही. नव्या वाहिनीचा पहिला हंडा तिच्या सासूने, मनुबाईने, भरला आणि नळाला हळदकुंकू लावलं. वर्ष सरलं, सभापतिपद दुसऱ्याकडे गेलं, बोटी किनाऱ्यावर आल्या. सुचिताने विनेशला सांगून टाकलं की भाऊ, माझा हंगाम संपला. तो हसला. त्याला ती थट्टा वाटली.

थट्टा नव्हती हे त्याला, आणि हंगाम संपलेला नाही हे तिला, कळलं ते खळ्यावर पर्यटकांच्या गाड्यांसाठी वाहनतळ करायचा ठराव आला तेव्हा. सभेच्या आधी नगरपंचायतीचा शिपाई एक कागद घेऊन आला. सुचिता बाजारात होती, म्हणून त्याने तो दाराला चिकटवला आणि दाराचा फोटो काढला. मनुबाईला वाटलं, बोटीच्या कर्जापायी जप्ती आली. तिने शेजारणींना गोळा केलं. सुचिताने येऊन वाचलं तर तो विनेशच्या आघाडीचा व्हीप होता. सभेला हजर राहावं आणि ठरावाच्या बाजूने मत द्यावं, अन्यथा सदस्यत्व जाऊ शकतं.

अलिबागला एक वकीलबाई होत्या, पेडणेकर नावाच्या. सुचिता म्हणाली, मी त्यांच्या पक्षात कधी गेलेच नाय. झेंडा धरला नाय, पावती फाडली नाय.

"पक्षात नाही, आघाडीत गेलात. व्हीपला तेवढं पुरतं, असं ते म्हणणार," वकीलबाई म्हणाल्या. "तुम्ही अपक्ष म्हणून निवडून आलात, हा आपला मुद्दा. त्यावर वाद घालता येईल."

"पन त्यांच्यात मोजणार कवापर्यंत?"

"मुदत संपेपर्यंत. पाच वर्षं."

सुचिता म्हणाली, "वरचे लोक अख्खी बोट घेऊन या बंदरातून त्या बंदरात गेले. त्यांना कोनी नाय पुसलं."

"अख्खी नेली म्हणूनच," वकीलबाई म्हणाल्या.

मग त्यांनी एकेक वाट तपासून दाखवली. सभेला न गेलं तरी ते विरोधात गेल्यासारखंच धरतात. राजीनामा दिला तर दोन्हीकडे आठ-आठ उरतात, आणि समसमान झालं की नगराध्यक्षांचं जादा मत विनेशच्या बाजूचं. विरोधात मत दिलं तर ठराव पडेल, पण अपात्रतेचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जाईल. सुचिताचं पद गेलं की तोच ठराव पुन्हा येईल आणि तेव्हा पास होईल. आणि बाजूने मत दिलं तर पद राहील, खळं त्याच दुपारी जाईल.

कोळीवाड्यात दोन तट पडले. काही म्हणाले, जागा आज ना उद्या जाणारच, निदान खुर्ची ठेव, नळ तरी चालू राहील. कोणी सुचवलं, दवाखान्यात भरती हो. विनेशही येऊन गेला. आवाज चढवला नाही, चहा घेतला.

"वहिनी, हा कागद मी हौसेनं नाही काढला," तो म्हणाला. "नाही काढला तर वरून माझ्यावर येतो."

तो खरं बोलत होता, हे सुचितालाही ठाऊक होतं.

मनुबाईने मात्र सगळं ऐकून घेतलं आणि खळ्यावर बोंबील जोडी-जोडीने एकमेकांत अडकवून वलांडीवर टाकता टाकता, मान वर न करता विचारलं, "देवीला सांगितलंस त्याची मुदत किती, ते पन इचारलंस काय वकिलाला?"

सभेत मतदान हात वर करून झालं. आधी ठरावाच्या बाजूचे हात वर गेले, सुचिताचा खालीच होता. विरोधाचे मोजताना तिने वर केला. ठराव पडला. विनेशने फाईल मिटली. आठवड्याच्या आत त्याचा अर्ज अलिबागला दाखल झाला.

सुनावणी सुरू होऊन आता दुसरा हंगाम चालू आहे. कधी विनेशचा वकील मुदत मागतो, कधी वकीलबाई. कधी जिल्हाधिकारी साहेब दौऱ्यावर असतात. निकाल लागत नाही तोवर सुचिता नगरसेविका आहे, आणि ती आहे तोवर ठराव पास होत नाही. कोळीवाड्याला हे नीट समजलं आहे. निघताना तिला बायका सांगतात, तारीखच घेऊन ये.

दुसऱ्या बाजूच्या आठांनी तिला आपल्यात बोलावून पाहिलं. वकीलबाईंनी बजावलं, त्यांच्यात नुसत्या बसलात तरी बाजू बदलली असं ठरेल, खटला संपला. त्यामुळे सभागृहात तिची खुर्ची खिडकीपाशी एकटी असते. नळाची तक्रार आली तर ती अर्ज लिहून देते, आणि तो अर्ज विनेशच्या माणसांच्या टेबलावर पडून राहतो. कोळीवाड्यात पाणी आता एक दिवसाआड झालं आहे. सगळ्यात जास्त बोलणी तिला नळावरच खावी लागतात, आणि तीही ज्यांचं खळं तिने राखलं त्यांच्याकडून.

परवाच्या तारखेलाही काही झालं नाही. साहेबांना मंत्रालयात बैठक होती. ती दुपारच्या एसटीने परतली आणि पिशवी घरी न ठेवता तशीच खळ्यावर गेली.

मनुबाई एका वलांडीची मोडलेली दांडी सुंभाने आवळत होती. बांबू पार कुजले आहेत, पण नवे कोणी आणत नाही. किती दिवसांसाठी आणायचे, ते कोणालाच ठाऊक नाही.

"जालं?"

"तारीख."

मनुबाईने सुंभाचं दुसरं टोक तिच्याकडे दिलं. सुचिताने ते दांडीला दोनदा फिरवलं, गाठ मारली, आणि धरेल का ते पाहायला हाताने ओढून बघितलं.