टॉवेलाखालचा हात

१ मार्च १९९४. धाकट्या भावाने माझ्याकडे दोनशे रुपये मागितले. साताऱ्याच्या घरात तेव्हा आम्ही दोघे आणि माझी बायको, एवढेच होतो. कशाला हवेत ते त्याने सांगितले नाही. ‘सांगलीला काम आहे,’ इतकेच.

सांगली म्हटल्यावर मी सावध झालो. तिथल्या हळदीच्या सौद्यात तो आदल्या वर्षी बुडाला होता. मग छातीत धडधड, हातांना कंप. दुकान मिटवून तो आमच्याकडे आला. पुन्हा सौद्यात उतरलास तर या घरात जागा नाही, असे मी त्याला बजावले होते.

हळदीचा भाव तिथे तोंडाने बोलत नसत. देणारा-घेणारा टॉवेलाखाली हात धरत आणि बोटे दाबून आकडा सांगत. आणि अलीकडे भावाचे हात सारखे टॉवेलाखाली असत. चहाच्या गाड्यावर, एसटी स्टँडवर, शेजारी कोणी अनोळखी असला तरी. टॉवेल हलताना मला दिसे.

‘पैसे देईन, पण तिथे येऊन, माझ्या हाताने,’ मी त्याला म्हणालो.

‘पोलिसात भरती व्हायला हवं होतं तुम्ही,’ बायको म्हणाली.

सांगलीच्या एसटीत, इस्लामपूर मागे पडल्यावर, त्याचा हात पुन्हा टॉवेलाखाली गेला. त्याच्या पलीकडे एक धोतरवाले म्हातारे बसले होते. मी वाकून त्यांनाच विचारले, ‘कितीला ठरलं?’

‘काय ठरलं? आवं, मी लेकीकडं चाललोय!’

सांगलीत तो मार्केट यार्डाकडे वळलाच नाही. एका गल्लीत, मनाच्या आजारांच्या डॉक्टरांकडे गेला. मागच्या खेपेला त्याला शिकवलेले डॉक्टरांनी मलाही सांगितले, धडधड सुरू झाली की एकेक बोट दाबायचे आणि दर बोटाला श्वास सावकाश सोडायचा.

‘याला औषध म्हणायचं?’ मी विचारले.

‘गोळ्या आहेतच. पण गोळी लागू पडेपर्यंत माणूस घाबरून पळालेला असतो.’

‘मग टॉवेल कशाला?’ मी भावाला विचारले.

‘लोक बघतात, दादा. आणि तू वेड्याचा डॉक्टर म्हणाला असतास.’

म्हणालो असतो.

तरी खात्री करायची म्हणून परतताना मी त्याला यार्डावरून नेले. सौद्याचा गलका कानावर आला आणि त्याचा चेहरा उतरला. कोणाकडे बघेना; हात टॉवेलाखाली गेला, पण बोटे दाबता येईनात. मी टॉवेलाखाली हात घातला आणि त्याची बोटे एकेक करून दाबू लागलो.

‘सावकाश, दादा,’ तो कसाबसा हसला. ‘एवढ्या घाईनं सौदा फिसकटतो.’

डॉक्टरांना साठ रुपये दिले होते, पावती घेऊन. औषधांच्या दुकानात पंचाण्णव. उरलेले पंचेचाळीस भावाला दिले, त्यांचा हिशेब मागितला नाही.