भरलेल्या खाडीचा मुहूर्त

अंबडच्या माझ्या वर्कशॉपमागे पत्र्याच्या शेडमध्ये एक टर्बाइन पडून आहे. समुद्राच्या भरती-ओहोटीवर वीज तयार करणारं. नाशिकला समुद्र नाही, त्यामुळे नवीन माणूस ते बघून हसतो. पूर्वी मी समजावून सांगायचो. आता हसू देतो.

निफाडहून मी लेथवर काम शिकायला आलो आणि पुढे स्वतःचं वर्कशॉप उभं केलं, ते घासाघीस करून. लोखंडवाला असो की टेम्पोवाला, पहिल्या भावाला मी कधी हो म्हटलेलं नाही. चिडतोही लवकर. हे सगळ्यांना माहीत आहे, पण माझ्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं.

कोकणातल्या एका खाडीत चाचणीसाठी यंत्र हवं म्हणून नाशिकचेच एक साहेब माझ्याकडे आले. परदेशात शिकलेले, घरात पिढ्यान्‌पिढ्या पौरोहित्य. पाणी आत येताना आणि बाहेर जाताना, दोन्ही वेळा फिरतील अशी पाती मी बनवली, कालव्यात बुडवून फिरवून दाखवली. हे चाललं की पुढची सगळी यंत्रं तुमच्याकडेच, असा त्यांचा शब्द होता.

उद्घाटनाला त्यांनी पौर्णिमा निवडली. ते बरोबरच होतं, पौर्णिमेला पाण्याला ओढ जास्त असते. वेळ मात्र त्यांच्या काकांनी पंचांगातून काढून दिली, भर दुपारची. पौर्णिमेला त्या खाडीत भर दुपारी काठोकाठ पाणी असतं, आणि भरलेलं पाणी थांबलेलं असतं. आत येणं संपलेलं, बाहेर जाणं सुरू व्हायचं असतं. टर्बाइन फिरतं ते वाहत्या पाण्यावर. हे साहेबांना माहीत नव्हतं असं नाही. मला हे त्यांनीच शिकवलं होतं. तरी ते म्हणाले की काकांना नाही म्हणता येत नाही, पाहुण्यांनाही कळवून झालंय, थोडीफार ओढ असेलच.

मी म्हटलं, "साहेब, दोन-अडीच तास पुढे ढकला. हवं तर पुढच्या यंत्राचा भाव मी आत्ताच खाली आणतो."

ते हसले. "शेठ, आता मुहूर्ताचाही भाव करणार का?"

खाडीकाठी मांडव पडला. मांडवभर दिव्यांची माळ, टर्बाइन फिरलं की पेटायची. गुरुजींनी पूजा सांगितली, झेंडूचा हार पाण्यात सोडला, प्रमुख पाहुण्यांनी बटण दाबलं. काही झालं नाही. हार जिथे सोडला तिथेच तरंगत होता. नाशिकहून आलेली मंडळी धरणं बघून वाढलेली, माझ्या मागे कुणीतरी म्हणालं, "एवढं पाणी असून फिरत नाही म्हणजे काय?"

साहेबांनी माइक घेतला. मला वाटलं, आता सांगतील. ते म्हणाले, "यंत्र आपल्या नाशिकलाच बनवून घेतलंय. कामात काही उणीव राहिली असेल, ती दूर करू."

मी उठून उभा राहिलो आणि तिथूनच ओरडलो, की उणीव कामात नाही, तुमच्या वेळेत आहे. दोघांनी दंडाला धरून मला मांडवाबाहेर नेलं. मग पंगत बसली, जेवणं झाली, गाड्या निघून गेल्या.

मी काठावरच बसून होतो. उन्हं कलायला लागली तसा तो झेंडूचा हार हलला, समुद्राच्या दिशेने सरकला आणि बघता बघता दिसेनासा झाला. पाण्याखालून घरघर आली. मांडवातले सगळे दिवे लागले. तिथे होते फक्त खुर्च्या गोळा करणारे मांडववाले. त्यांच्यातला एक माझ्याकडे आला. "शेठ, तेवढं बंद करा ना. माळ उतरवायचीय."

मी व्हिडिओ काढून साहेबांना पाठवला. त्यांनी पाहिला. उत्तरादाखल जोडलेल्या हातांचं चित्र आलं.

पुढची यंत्रं बाहेरच्या कंपनीला गेली. माझं खाडीतून काढून परत आलं. नाशिकमध्ये पसरलं ते एवढंच, की याचं यंत्र चाललं नाही आणि वर हाच भांडला. सातपूरचं एक जुनं गिऱ्हाईक भाव ठरवताना नुसतं म्हणालं, "खाडीवरचं ऐकलं." आयुष्यात पहिल्यांदा मी निमूटपणे भाव उतरवला.

गेल्या महिन्यात साहेबांचा फोन आला. बाहेरच्या यंत्राची पाती एकाच बाजूने नीट फिरतात. माझं पुन्हा बसवायचं म्हणतात, भाव मी सांगेन तो. हे वाक्य मला आजवर कुणी ऐकवलेलं नव्हतं. मी म्हटलं, भाव पहिलाच द्या. फक्त तीच माणसं बोलवा आणि माइकवरून सांगा की काम चोख होतं, वेळ चुकली होती.

ते म्हणाले, "शेठ, काका आता राहिले नाहीत. त्यांचा मुहूर्त चुकला असं चारचौघांत कसं म्हणू मी?"

"आणि माझं काम चुकलं असं कसं म्हणालात? मी तर तुमच्या समोर बसलो होतो."

त्यांनी फोन ठेवला. चार दिवसांनी त्यांचा माणूस आला, भाव आणखी वाढवून. मी त्याला चहा पाजला. मग शेडमध्ये जाऊन टर्बाइनला ग्रीस लावलं आणि ताडपत्री पुन्हा ओढून घेतली.