आधी पाहून येते

"थांबा मॅडम, मी आधी पाहून येते."

गाडी कुठल्याही हॉटेलापाशी थांबली की बाई एवढं म्हणत आणि साडीच्या निऱ्या वर खोचून उतरत. खांद्याला कापडी पिशवी. तिच्यात काय असे ते आत्ताच सांगते, म्हणजे तुम्हीही माझ्यासारखं नाक मुरडाल. फिनाइलची बाटली, घासायचा ब्रश, रबरी मोजे आणि एक निळा प्लास्टिकचा मग.

आम्ही दोघी शिक्षकांची प्रशिक्षणं घ्यायला महिन्यातून एकदा ऑफिसच्या गाडीनं पुण्याहून लातूरला जायचो. सात-आठ तासांचा रस्ता. मी नारायण पेठेतली. बाई माझ्याच ऑफिसातल्या, मूळच्या यवतमाळच्या, राहायला वारज्यात.

रस्त्यातली बायकांची स्वच्छतागृहं तुम्ही पाहिलीच असतील. हा शब्द ज्यानं काढला त्याला एकदा तासभर आत कोंडून ठेवायला हवं. हॉटेलच्या पुढच्या बाजूला कारंजं, सिमेंटची बदकं, सेल्फी काढायची जागा. मागे कडी नसलेलं दार, कोरडा नळ आणि पायाखाली जे काही असे त्याला चिखल म्हणायचं. तो वास साडीत मुरून घरापर्यंत यायचा.

यावर माझा उपाय सोपा होता. आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद. बाईंना ते मुळीच पटत नसे.

"पाणी प्या मॅडम. मी आहे ना."

त्या आत गेल्या की दहा मिनिटं नुसता घासण्याचा आणि पाणी ओतण्याचा आवाज. एकदा गल्ल्यावरचा मालक ओरडला, "ओ बाई, आमचा माणूस आहे त्याला!"

"बोलवा की मग. मी पण पाहते कसा दिसतो."

माणूस काही आला नाही. बाई कोपरापर्यंत हात धुऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "जा आता. कडी नाही, मी दारात उभी आहे." मी गेले. दर वेळी जायचे. अगदी हक्कानं.

त्याच दिवशी गाडीत त्यांनी डबा उघडला. सांभारवडी होती, कोथिंबीर ठासून भरलेली, घरी पहाटे उठून तळलेली. त्यांनी एक उचलून माझ्यापुढे धरली.

"नको, पोट जरा बरं नाहीये," मी म्हटलं. म्हणताना माझी नजर त्यांच्या बोटांवर होती. पुढच्या थांब्यावर मी त्याच पोटात दोन बटाटेवडे घातले. ते कोणाच्या हातचे होते देव जाणे.

बाईंनी पाहिलं. "मी मोजे घालते, मॅडम," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या खेपेला त्यांनी मला बंद डबा दिला, वर चमचा. "मुलीनं भरलाय. मी हात लावला नाही. तुम्हीच उघडा."

मी डबा उघडला आणि चमच्यानं खाल्लं. वडी सुरेख झाली होती. त्या फिनाइलपेक्षा, त्या वासापेक्षा मला या आठवणीची जास्त किळस येते.

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या आणि यवतमाळला परत गेल्या. निरोपाच्या कार्यक्रमात मी बोलायला उभी राहिले. माफी मागायचं ठरवून आले होते. बाईंच्या अक्षराचं कौतुक करून खाली बसले. जाताना त्यांनी ती पिशवी माझ्या हातात दिली.

"राहू द्या तुमच्याजवळ. लागेल रस्त्यात." मग हळूच म्हणाल्या, "मोजे नवीन आहेत. मी घातलेले नाहीत."

मागच्या महिन्यात लातूरला एकटीच निघाले होते. तेच हॉटेल, तीच बदकं. या खेपेला करायचंच, असं ठरवून पिशवी घेऊन मागे गेले. दार ढकललं. वास आला. तशीच परत फिरून गाडीत येऊन बसले.

एक बाई लहान मुलीला घेऊन त्या दाराकडे गेली आणि लगेच नाकाला पदर लावून बाहेर आली. मुलगी पाय आवळून उभी होती.

"घाण आहे गं. पुढच्या गावापर्यंत धर."

"नाही धरवत, आई."

पिशवी माझ्या मांडीवर होती. मी खिडकीची काच वर केली.