उसवकाकूंची शिकवणी

वारज्याच्या आमच्या सोसायटीत समोर राहणाऱ्या काकू दुसऱ्याचं विणकाम न विचारता उसवत. एखादी नवी सून सुया घेऊन गच्चीत बसली, की शेजारी टेकायच्या, चष्मा सरसावायच्या आणि "इथं चुकलंय" म्हणत चार ओळी ओढून मोकळ्या व्हायच्या. वर "आता करा नीट" हा आशीर्वाद. निवृत्त होईपर्यंत त्या शाळेत विणकाम शिकवत. पाठीमागे आम्ही त्यांना उसवकाकू म्हणायचो. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

त्यांच्या वरच्या मजल्यावर अमरावतीची एक मुलगी भाड्यानं राहायला आली. खराडीला सॉफ्टवेअर कंपनीत होती. बसमध्ये जाता-येता विणायची. एका रविवारी काकूंनी तिच्या हातातला पायमोजा घेतला आणि चूक शोधू लागल्या. चूक सापडेना. शिवणसुद्धा सापडेना. वायरनं जोडलेल्या दोन सुयांवर तो सलग गोल विणला होता आणि टाच अगदी पायासारखी वळली होती.

"कुठे शिकलीस?"

"इंटरनेटवर, काकू. दाखवू का?"

"मला? मी विणकामाची बाई होते," म्हणून काकू जिना उतरल्या.

त्याच आठवड्यात मी त्यांच्याकडे विरजण मागायला गेले. दार उघडायला वेळ लागला. आत ती मुलगी, आणि सोफ्याच्या उशीखालून डोकावणारी लोकर. "हिचं मराठी सुधारतेय," काकूंनी न विचारता सांगितलं. ते अगदीच खोटं नव्हतं. पुढे लपवाछपवी संपली, तेव्हा ती शिकवणी मी माझ्या कानांनी ऐकली.

"काकू, तुम्ही टाका उलटा घेऊन राहिल्या."

"'घेऊन राहिल्या' नाही, 'घेताय'."

"बरं. उलटाच घेताय."

काकू मुकाट्यानं उसवायच्या. टाच मात्र वळेना. एकदा चिडून त्यांनी मोजा भिरकावला. "बोटं ऐकत नाहीत आता."

"माझीपण नव्हती ऐकत," म्हणत मुलीनं तो उचलून पुन्हा त्यांच्या हातात दिला.

मग मंदी आली. मुलीची नोकरी गेली, खोली सुटली. निघताना ती रडायला लागली. "रडतेस काय? माझी टाच अर्धी राहिलीय," काकू म्हणाल्या. रिक्षा वळून गेल्यावरही त्या बराच वेळ फाटकात उभ्या होत्या.

पुढच्या वर्षी महिला मंडळाच्या प्रदर्शनात काकूंच्या मोज्यांना पहिलं बक्षीस मिळालं. "हा इतक्या वर्षांचा अनुभव बोलतो," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. काकूंनी त्यांच्यासमोरचा माइक स्वतःकडे ओढला.

"अनुभवानं मी शिवणच घालत होते. हे मला अमरावतीच्या एका मुलीनं शिकवलं. माझ्या घरी येऊन, माझी बोलणी खाऊन."

टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे सभागृहाला कळेना. काकू तोवर खाली उतरून माझ्याजवळ आल्या होत्या.

"तिला फोन लावून दे गं. हातमोज्याचा अंगठा कसा काढतात, ते विचारायचंय."