अर्ध्या तासाची दोनदा वजाबाकी: तिसगाव, नगर, शेवगाव

बाहत्तरच्या दुष्काळातली गोष्ट. शेवगावच्या स्थळाकडून आमच्या कुसुमची पत्रिका परत आली: मुलगी मंगळाची. दोघांची पसंती झालेली, कुसुमनं तर मनानं संसारही मांडलेला. शुक्रवारी त्यांची दुसरीकडे सुपारी फुटणार होती. पत्रिका नि कुसुमची जन्मवेळ टिपलेली माझी वही शेजारी ठेवून पाहिली. चूक माझीच होती. बुधवारी तिसगावहून एकटीच नगरच्या ज्योतिष्यांकडे निघाले.

मी मॅट्रिक, भूगोल आवडीचा. पृथ्वीवर ध्रुवापासून ध्रुवापर्यंत तीनशे साठ रेखा मानल्या आहेत. दिवसभरात त्या एकेक करून सूर्यापुढून जातात, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं. देशाचं घड्याळ अलाहाबादेकडच्या साडेब्याऐंशीच्या रेखेवर लावलेलं. आम्ही पंचाहत्तरच्या आसपास. आमची स्थानिक वेळ अर्धा तास मागे. कुसुम झाली तेव्हा खाटेवर पडल्या पडल्याच मी तो अर्धा तास वजा केला आणि तीच वेळ कळवली. गावच्या जोशीबुवांनी रीतीप्रमाणे पुन्हा वजा केला. मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

या वाटेनं जाणाऱ्यानं सकाळची पहिली एस.टी. धरावी, नंतरच्या गाडीत करंजीचा घाट उभ्यानं काढावा लागतो. दशम्या नि चटणी बरोबर होती, त्यामुळे खर्च फक्त तिकिटाचा. रस्त्याकडेला दुष्काळी कामावरच्या बायका खडी फोडत होत्या.

नगरचे ज्योतिषी वयस्क, स्वभावानं मिस्कील. सगळं ऐकून म्हणाले, "बाई, असली चूक अडाण्याच्या हातून होत नाही. त्याला शिकावं लागतं."

त्यांनी नव्यानं मांडणी केली. लग्नरास बदलली, बाराव्यातला मंगळ अकराव्यात आला.

"म्हणजे मंगळ गेला?"

"गेला कुठला? नव्हताच तो."

डोळ्यांत पाणी आलं. माळीवाड्याच्या गणपतीला लांबूनच हात जोडले आणि शेवगावची गाडी पकडली. ती तिसगाववरूनच जाते. खिडकीतून टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभी कुसुम दिसली. हाक मारली नाही. म्हटलं, आधी काम होऊ दे.

शेवगावला मुलाची आई ओसरीवर रेशनची मिलो, ती अमेरिकेची लाल ज्वारी, निवडत होती. मी नवी पत्रिका पुढे ठेवली, झालेली चूक सांगितली आणि टोपलीतला कांदा उचलला. "या उभ्या शिरा बघा. दोन्ही टोकांना एक होतात, मध्ये फाकतात. रेखा अशाच. शेवगावची वेगळी, अलाहाबादची वेगळी, म्हणून वेळ वेगळी."

तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "आवो बाई, पोरीचा मंगळ काढाया लोक घड्याळ सरकिवत्यात. तुमी तर पिरथिमीच सरकिवली!"

आत कोणीतरी फिसकन हसलं.

"देवाशपथ सांगते, खरं आहे."

"देवाला नगा आनू मधी. पयली पत्रिका तुमीच धाडली, ही बी तुमीच आनली. कोन्ची खरी मानू?"

"ही."

"दुसरी नेमकी आईच्या मनाजोगती कशी निगती वो?"

मुलगा दारात उभा होता. मान वर झाली नाही. तिनं चहा दिला, कुंकू लावलं, रीत सोडली नाही. तेच जास्त लागलं.

शेवटच्या गाडीनं परतले. कुसुमनं तोंडाकडे पाहिलं.

"ऐकलं नाही त्यांनी?"

"ऐकलं. पटलं नाही."

ती रडली नाही. भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "मग पुढच्यांना कोणती दाखवायची?"

जुनी दाखवली तर मी जाणूनबुजून खोटी दाखवते. नवी दाखवली तर बनावट ठरणार; शेवगावच्या बाजारातून ते एव्हाना पसरलंही असेल. दोन्ही पत्रिका देवापुढे ठेवल्या, हात जोडले. मागायचं काय, ते मात्र सुचेना.