पाटीला थांबणारी बस

पुण्यात होतो तेव्हा माझी बस रस्त्याच्या मधोमध चालायची. बीआरटीची बस. म्हणजे बसला वेगळी मार्गिका, दोन्ही अंगांना कठडा, आत दुसरं कुणी नाही. थांबेसुद्धा मधोमध, ओट्यासारखे उंच. बसची फरशी आणि थांब्याची फरशी एका पातळीत, त्यामुळं म्हाताऱ्या माणसालाही पायरी चढायची भानगड नाही. दार उजव्या अंगाला, माझ्याच बाजूला. खिडकीतून खाली बघायचं आणि गाडी ओट्याला अशी लावायची की मधल्या फटीत चप्पल अडकू नये. हे काम मला आवडायचं. आठवीतून शाळा सोडलेल्या माणसाला एखादी गोष्ट नेमकी जमली की तो ती जपून ठेवतो, तसं ते मी जपलं होतं.

तिथं शिकवणारे उस्ताद सांगायचे, "दोन थांब्यांच्या मधी सख्खा बाप हात करत उभा राहिला तरी ब्रेक मारायचा नाही." मी कधी मारला नाही.

मग ज्या ठेकेदाराकडं होतो त्याच्या गाड्या जुन्या झाल्या आणि ठेका संपला. आमच्या हिंगोलीकडचा एक गाववाला विरारला मनवेलपाड्यात राहतो, एका सोसायटीत वॉचमन आहे. त्यानं फोन केला, "इकडं ड्रायव्हर पाहिजेत, ये." आलो. त्याच्या चाळीतल्या खोलीत मला झोपायला जागा मिळाली, त्याच्या बायकोच्या हातची भाकर मिळाली. परक्या मुलखात असं कुणी करत नाही हो. आजही त्यांच्या दारावरून जाताना माझा पाय आपोआप हळू पडतो.

मला मार्ग मिळाला विरार स्टेशन ते नंदाखाल. आमचे सुपरवायझर पहिल्याच दिवशी म्हणाले, "महिनाभर चालव. बघू. लोकांची ओरड आली नाही तर राहशील." ओरड आली तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला माहीत होतं. परत गावाला. आमच्या गावात दिवसातून एकच एसटी येते आणि तिला ड्रायव्हर आहे.

विरारची गर्दी संपून आगाशी गाव मागं पडलं की रस्ता वाड्यांमधून जायला लागतो. दोन्हीकडं नारळ, केळी, मधेच विहीर, मधेच पांढरा क्रूस, त्याच्यावर ताजा हार. रस्ता एवढा अरुंद की समोरून टेम्पो आला तर दोघांपैकी एकाला मागं जावंच लागतं. मला पहिला प्रश्न हाच पडला. इथं कठडा नाही, सिग्नल नाही, मग आधी कुणी जायचं हे ठरवतं कोण? मी रोज बघायचो. केळीच्या घडांनी भरलेला टेम्पो आला की रिकामा रिक्षावाला न सांगता मागं सरकायचा. लग्नाची गाडी आली की सगळेच सरकायचे. आणि एकदा एक पोरगी सायकल शिकत होती, तर आख्खी बस तिच्या मागं मागं चालली आणि कुणी हॉर्न वाजवू दिला नाही. मागून एक काका म्हणाले, "वाजवू नका, पडेल ती." मला हे सगळं लई गमतीचं वाटायचं. पुण्यात वाट आखून दिलेली होती. इथं ती प्रत्येक वळणावर नव्यानं ठरत होती.

गंमत आठवडाभर टिकली. मग सुपरवायझरनं बोलावलं.

"बायकांना सोडून गाडी पुढं काढतोस?"

"नाही साहेब."

"फुलवाल्या बायका येऊन बसल्या होत्या इथं. नंदाखालच्या. म्हणतात, हा थांबतच नाही. मागच्या बसनं येईपर्यंत त्यांचा सोनचाफा काळा पडतो. मग त्याला कोण विचारतं?"

"साहेब, आईची शपथ, तिथं बाई उभीच नव्हती. उभी असली तर दिसणार नाही का?"

"मला माहीत नाही. येत्या शनिवारी मी स्वतः गाडीत बसणार. तेव्हा दिसलं की तू थांबत नाहीस, तर तिथूनच सुट्टी."

माझा कंडक्टर खाडीकडच्या एका भातशेतीच्या गावचा, माझ्यापेक्षा वयानं बराच मोठा. त्याला विचारलं तर तो फुरंगटून बसला होता. त्याला वाटत होतं मी मुद्दाम करतो.

"काका, कुठं होत्या त्या बायका?"

"ड्रायव्हरसाहेब, तुम्ही पुन्याचे. तुम्हाला कोन काय सांगनार?"

"अहो पण मी कुणाला सोडलं?"

"ज्यांना सोडलं त्यांना इचारा जाऊन." आणि टिकिटाचं मशीन पुसायला लागला.

त्या रात्री मला धड झोप आली नाही. माणसं मला दिसत नाहीत की काय? डोळे तर गेले नाहीत? दुसऱ्या दिवशी खिडकीतून लांबच्या दुकानांच्या पाट्या वाचून बघितल्या. सगळ्या वाचता आल्या. मग हे झालं काय?

माझी साप्ताहिक सुट्टी शनिवारच्या आधी आली. गाववाला म्हणाला, झोप जरा. मी सकाळी उठलो, विरार स्टेशनवर गेलो आणि माझ्याच मार्गाच्या बसमध्ये प्रवासी म्हणून चढलो. ड्रायव्हर दुसरा होता. जाताना काही विशेष दिसलं नाही. परत येताना मी डावीकडच्या खिडकीला बसलो आणि पहिल्यांदा मला माझा मार्ग त्या बाजूनं दिसला. पुण्यात इतकी वर्षं थांबा माझ्या उजव्या हाताला होता. नजर उजवीकडं राहायची. डावी बाजू मला फक्त आरशातून माहीत होती.

एका वाडीच्या तोंडाशी, रस्त्याच्या कडेला, एक वेताची पाटी ठेवलेली होती. वर केळीचं ओलं पान झाकलेलं. आसपास कुणी नाही. ड्रायव्हरनं गाडी थांबवली आणि दोनदा हॉर्न दिला. आतून आवाज आला, "आले, आले!" आणि एक बाई पदराला हात पुसत वाडीतून आली, पाटी उचलली, चढली, बसली. कुणालाच काही वाटलं नाही. पुढं आणखी एक पाटी, पुन्हा तेच.

त्या पाट्या मी रोज आरशातून ओझरत्या बघितल्या होत्या. मला वाटायचं माल ठेवलाय, टेम्पो येऊन नेईल. मालासाठी बस कोण थांबवतं?

तिसऱ्या पाटीला मी उतरलोच. वाडीतून एक मावशी गुडघ्यावर हात ठेवत येत होती. मी पाटी उचलून दिली तर तिनं माझ्याकडं निरखून बघितलं.

"तू तोच ना रे? न थांबणारा?"

सगळी बस माझ्याकडं वळली. मी म्हणालो, "मावशी, मला पाटीचं माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं? पाटीला थांबायचं हे काय सांगावं लागतं?"

"आमच्याकडं कुणी रस्त्यावर पाटी ठेवून घरात जात नाही."

"मग काय करतात?"

"उभे राहतात."

"आणि चुलीवरचं कोण बघतं?"

ती चढली, मी तिच्या शेजारी बसलो. ती सांगत गेली. पहाटे फुलं काढायची, घरच्यांचं करायचं, गुरांचं पाणी, मग बस. बस कधी येते ते बसलाच माहीत. गुडघे असे झालेले. मग पायांऐवजी पाटी उभी राहते. पान झाकलेलं असेल तर बाई आतच आहे, यायची आहे. पान नसेल तर ती बसची नाही. तिच्या सासूच्या वेळेपासून असंच.

मग तिनं मला विचारायला सुरुवात केली. पुण्यात काय करायचास? मी बीआरटीचं सांगितलं. तिला ते पटेना.

"म्हणजे चढायचंच नाही? सरळ घरात गेल्यासारखं?"

"हो. ओटा आणि बस सारखीच उंच."

"आणि त्या वाटेत दुसरं कुणी येत नाही?"

"येऊ देत नाहीत."

"मग एखादी म्हैस आली तर?"

"येत नाही मावशी म्हैस."

"कधीतरी येईल," ती ठामपणे म्हणाली.

पुढच्या सीटवरची एक जण वळून म्हणाली, "आमच्या इथं कर ना तसा ओटा. उद्घाटनाला तुलाच बोलावू." सगळ्या हसल्या. मीही हसलो, पण पोटात शनिवार होता.

शनिवारी सुपरवायझर आले आणि दाराजवळच्या पहिल्या सीटवर बसले. नंदाखालहून परत निघालो. पहिली पाटी दिसली, थांबलो, हॉर्न दिला, बाई आली. दुसरीला तसंच. मी डावीकडून नजर हटवली नाही.

मग मावशीच्या वाडीपाशी पाटी. वर पान. हॉर्न दिला. कुणी नाही. पुन्हा दिला. वाडी गप्प.

"चल," सुपरवायझर म्हणाले. "मागच्या बसनं येईल."

माझा पाय क्लचवर होता. आता सांगतो तेव्हा सोपं वाटतं, पण त्या क्षणी मला खरंच कळत नव्हतं की हे मला कशात पकडणार आहेत. थांबलो म्हणून की निघालो म्हणून? मागं बसलेल्या दोघांना विरारहून लोकल गाठायची होती, ते कुरकुरत होते. मी म्हणालो, "साहेब, पान झाकलंय. बाई आत आहे."

"असेल. पण बसला वेळ असते."

"तुम्हीच म्हणाला होता, बायकांना सोडायचं नाही."

कंडक्टर मागून पुढं आला. मला वाटलं आता हाही मला झापणार. तो सुपरवायझरना म्हणाला, "साहेब, बघून येतो मी. ही काकी कधी फुकट पान झाकत नाय." आणि उतरून वाडीत गेला.

दोघं बरोबरच आले. कंडक्टरच्या हातात मावशीची पिशवी, आणि मावशी ओरडत होती, "अरे बोकडानं दोरी तोडली! त्याला बांधू की तुमच्याकडं बघू?" तिनं पाटी उचलायला हात घातला तर कंडक्टरनं ती आधीच डोक्यावर घेतली होती.

ती वर आली. पहिल्या सीटवर सुपरवायझर बसलेले. ती तिथंच रोज बसायची, गुडघ्यामुळं.

"उठ रे बाबा जरा."

ते उठले. उभं राहून, दांडी धरून, त्यांनी विचारलं, "मावशी, हा ड्रायव्हर कसा आहे?"

मी आरशात बघत होतो. मावशीनं मांडीवरची पाटी नीट केली, पान जरा सरकवून फुलं बघितली, मग म्हणाली, "आधी आंधळा होता. आता दिसायला लागलंय त्याला."

"ठेवू का?"

"आता कुठं शिकला! नवा आला की आम्हाला परत पहिल्यापासून शिकवावं लागेल. तुम्ही शिकवाल?"

सुपरवायझर हसले नाहीत. विरार येईपर्यंत उभेच राहिले. उतरताना माझ्या खिडकीशी आले आणि म्हणाले, "उद्याही याच गाडीवर ये. पण हॉर्न जास्तीत जास्त तीनदा. मग निघायचं."

मी हो म्हणालो. कंडक्टर त्यांची पाठ वळेपर्यंत थांबला, मग माझ्याकडं चहाचा ग्लास सरकवत म्हणाला, "तीनदा म्हने. त्यांना बोकडाचं काय कळतं?"

रात्री आईला फोन केला. ती म्हणाली, "राहिला का रे तिथं?" मी म्हणालो, "राहिलो." तिनं विचारलं, रस्ता चांगला आहे का, पुण्यासारखा मोकळा? मी सांगायला लागलो आणि सांगतच राहिलो. मागून गाववाल्याची बायको ओरडली तेव्हा लक्षात आलं की भाकर गार होत होती.