साहेबांचा किताब आणि मामांची सही

आमच्या मोठ्या साहेबांना इंग्लंडच्या राजाने ‘सर’ केलं, त्यात माझा हात आहे. हे मी कंपनीबाहेर नवऱ्याशिवाय कोणाला सांगितलेलं नाही, आणि त्यालाही सांगितलं ते अर्धंच. एरवी मला चार लोकांत मिरवायला आवडतं, खोटं कशाला बोलू? पण हा विषय निघाला की मी भांडी आवरायला उठते.

दुबईत शेख झायेद रोडवरच्या एका ब्रिटिश बांधकाम कंपनीत मी लिहिण्याचं काम करते. साहेबांची भाषणं, वार्षिक अहवाल, दुखवट्याची पत्रं, सगळं. साहेब सत्तरीकडे झुकलेले, निम्मं आयुष्य आखातात गेलेलं. शिवाय आमच्या मराठी मंडळात कुणाचा सत्कार असला की मानपत्र माझ्याच गळ्यात पडतं. तो माझ्या डाव्या हातचा मळ. ‘आपल्या कर्तृत्वाचा सुगंध’ वगैरे लिहून द्यायचं. ते कोणी पडताळून पाहत नाही. शाल पडते, नारळ मिळतो, आणि मंडळी जेवणाकडे वळतात. या सवयीनेच माझा घात केला.

कोरोना ओसरल्यावर आमची एचआर हेड, एक इंग्रज बाई, दार लोटून माझ्या केबिनमध्ये बसली. साहेबांचं नाव किताबासाठी पाठवायचं होतं. तोवर मला वाटत होतं की राजाच्या मनात येतं आणि तो देतो. तसं काही नसतं. चक्क एक फॉर्म असतो. तो कोणीही कोणासाठीही भरू शकतं, फक्त स्वतःसाठी नाही. सोबत त्या माणसाला जवळून पाहिलेल्यांची पत्रं लागतात. परदेशात काम केलेल्यांचे कागद त्यांच्या परराष्ट्र खात्याकडून जातात, समित्या ते चाळतात, नावं पंतप्रधानांमार्फत राजाकडे पोचतात, आणि यात वर्ष-दीड वर्ष सहज जातं. ज्याचं नाव पाठवलं त्याला मात्र पत्ता लागू द्यायचा नाही. आमच्या साहेबांना अर्थातच काही माहीत नव्हतं. फक्त दोनदा ते माझ्या टेबलापाशी थांबले आणि कोणत्या हॉस्पिटलच्या ट्रस्टवर आपण कधीपासून आहोत ते सहज सांगून गेले.

मी झकास मानपत्र लिहिलं. बाईने ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, “सुंदर आहे. पण त्यांनी केलं काय?”

साहेब वाईट माणूस नव्हते. लॉकडाउनमध्ये त्यांनी कोणाला कामावरून काढलं नाही, कामगारांच्या जेवणाच्या खर्चाला पटकन मंजुरी दिली. पण हे सगळं त्यांनी समुद्राकाठच्या व्हिलातून, ईमेलवर केलं. फॉर्मला विशेषणं नको होती. कोणासाठी काय केलं, त्याने कोणाच्या आयुष्यात काय फरक पडला, आणि ते कोणी डोळ्यांनी पाहिलं, एवढंच त्याला हवं होतं. असे प्रसंग साहेबांकडे नव्हते. ते कुणाकडे होते ते मला पक्कं ठाऊक होतं.

रास अल खोरला आमचं यार्ड आहे. पुढे गोदाम आणि वर्कशॉप, मागे कामगारांच्या खोल्या. तिथे गुहागरकडचे एक स्टोअरकीपर होते. साठीला टेकलेले, बारीक अंगाचे, सगळे त्यांना मामा म्हणत. लॉकडाउनमध्ये खोल्या सील झाल्या तेव्हा मामा आत अडकले नव्हते. ते आपणहून आत राहिले. हे मला ऑफिसात बसून उडत उडत कळलं होतं. आता मी वही घेऊन गेले. मामांनी स्टूल फडक्याने पुसून दिलं आणि दोन तास बोलले. आजारी माणसांना पेज करून दाराशी ठेवायचे. एका केरळच्या माणसाला मासळीशिवाय घास उतरेना, म्हणून त्याच्यासाठी सुक्या बांगड्याची खटपट केली होती. मी भराभर लिहून घेत होते.

“पण ताई, हे कशाला हवं तुम्हाला?”

“साहेबांना मोठा मान मिळणार आहे, मामा. त्यासाठी कंपनीची माहिती.”

“मग घाला की. साहेबांनी नाय म्हटलं असतं तर मी काय करणार होतो?”

हे वाक्य मी परवान्यासारखं घेतलं. पत्र मामांच्या तोंडून लिहिलं, इंग्रजीत, साध्या भाषेत, दोन-चार चुका मुद्दाम ठेवून. ‘मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं’ अशी सुरुवात केली. आणि जिथे जिथे मामा होते तिथे साहेबांना उभं केलं. साहेब दारोदार पेज ठेवतात, साहेब मासळी शोधून आणतात. आधी मी ‘साहेबांच्या सांगण्यावरून’ असं लिहिलं होतं. ते पानभर बरं दिसेना, म्हणून मीच काढून टाकलं. मला कोणी सांगितलं नव्हतं. बाईने तर विचारलंही, “हे असंच झालं ना?” मी हो म्हटलं.

मामांनी हात धुतले, पुसले आणि मराठीत सावकाश सही केली. वाचून दाखवा म्हणाले नाहीत. कंपनीच्या कागदावर साहेब सांगतील तिथे सही करायची, इतकी वर्षं तसंच चालत आलं होतं. आणि मी तर आपल्यातली.

परक्या देशाच्या माणसालाही ते लोक मानद पदक देऊ शकतात, हे त्याच फॉर्मसोबतच्या माहितीत मी वाचलं होतं. मामांसाठी असा एखादा फॉर्म भरावा, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. त्या सगळ्यात याचीच मला जास्त लाज वाटते. लबाडी तरी मी विचार करून केली होती. मामांचा मी विचारच केला नव्हता.

किताब मिळाला. साहेब लंडनला गेले, राजापुढे गुडघा टेकला, खांद्यांना तलवार लागली. ऑफिसात केक कापला. संध्याकाळी मामांचा फोन आला, “ताई, आपलं काम झालं म्हणे!” ‘हो, झालं’ म्हणून मी फोन ठेवला. मला बढती मिळाली होती, ती मी त्यांना सांगितली नाही.

गेल्या हिवाळ्यात मामा कायमचे गावी निघाले. निघायच्या चार दिवस आधी फोन केला, “ताई, ते साहेबांचं पत्र, माझी सही असलेलं. त्याची एक कॉपी मिळेल? घरी दाखवायला.” नाही म्हणायला मला कारण सुचेना. शुक्रवारी दुपारी मी कॉपी घेऊन यार्डात गेले. सामानाचे खोके दोरीने बांधून तयार होते. मामांनी चहा दिला, समोर बसले आणि म्हणाले, “आता मराठीत वाचून दाखवा बघू. तेव्हा घाई होती.”

मी कागद उघडला. मग मी वाचायला लागले, पण जे लिहिलं होतं ते नाही. साहेबांच्या जागी मामांना घातलं. मामांनी पेज केली, मामांनी मासळी आणली. दुसऱ्यांदा लबाडी केली, या वेळी उलट्या दिशेने, आणि इतकी सफाईने की मलाच ती खरी वाटायला लागली.

मामा बेचैन झाले. “अहो, माझं एवढं कशाला लिहिलंत? साहेबांचं राहिलं की बाजूला. राजा काय म्हणाला असेल?” पण चेहरा उजळला होता. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, घडी केली. “आमची सून हायस्कूलला इंग्रजी शिकवते. होळीला सगळे घरी जमतात. तिला वाचायला सांगतो, अख्ख्या वाडीला ऐकू दे.”

सुनेने वाडीसमोर तो कागद उघडून वाचायला घेतला, तर काय होईल ते मला दिसलं.

“मामा, थांबा. मी खोटं वाचलं.”

मग मी कागद परत घेतला आणि खरं वाचलं, शब्दाला शब्द. मामा खाली बघत ऐकत होते. पेज साहेबांची झाली, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. मासळीला तर थोडं हसलेसुद्धा, “साहेबांना बांगडा ओळखता तरी येईल काय?” मला वाटलं, सुटले. मग शेवटचा परिच्छेद आला. साताऱ्याकडचा एक रंगारी त्या दिवसांत हॉस्पिटलात वारला होता, आणि त्याच्या बायकोला फोन करून ती बातमी साहेबांनी स्वतः दिली, असं मी लिहिलं होतं.

मामांनी हात वर केला. “हे पण?”

मी कागद त्यांच्यापुढे ठेवला.

“खलास,” ते म्हणाले. बराच वेळ दोरीची गाठ चाचपत राहिले. “पेज साहेबांची म्हणा, मासळी म्हणा, माझं काही जात नाही. पण तो फोन मी केला होता, ताई. ती बाई तासभर रडत होती आणि मी फोन ठेवू शकत नव्हतो. अजून ती दर दिवाळीला मला फोन करते. तिचं ते रडणंही तुम्ही साहेबांच्या नावावर केलंत की नाही? आणि खाली सही माझी.”

“माझं चुकलं मामा.”

“ते झालं. आता ती सही काढता येईल का तिथून?”

दिलेला किताब काढून घ्यायला लंडनला एक वेगळी समिती आहे. तेही मी वाचलं होतं. तिला कळवलं तर ती चौकशी करेल, आणि मग माझी नोकरी, माझं नाव, सगळंच उघड्यावर येईल. सही देणाऱ्याला आपली सही परत मागायची सोय आहे की नाही, ते मात्र मी कधी शोधलंच नव्हतं.

“नाही काढता येत,” मी म्हणाले.

मामांनी कागद माझ्या मांडीवर ठेवला आणि चहाचे कप विसळायला नळाकडे गेले.